एकाच गाण्याचं परीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवडत्या गाण्यावर लिहायला बसलेल्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागू पडतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका गाण्याचं परीक्षण म्हणजे नेमकं काय? अल्बमच्या परीक्षणातल्या दोन ओळी वाढवल्या की झालं का?

नाही. अल्बमवर लिहिताना गाण्यांचा क्रम, कलाकाराची वाटचाल, आधीच्या कामाशी तुलना अशा बऱ्याच गोष्टी हाताशी असतात. एका गाण्यावर लिहिताना त्या चार-पाच मिनिटांत काय घडतं एवढाच विषय असतो आणि पळवाट नसते. 'अवीट चाल, अर्थपूर्ण शब्द, सुमधुर आवाज' हे वाक्य कुठल्याही गाण्याखाली चिकटवता येतं, म्हणूनच ते परीक्षण नव्हे. वाचून झाल्यावर वाचकाने गाणं पुन्हा लावलं आणि आजवर निसटलेली एखादी जागा, म्हणजे गाण्यातला एखादा नेमका क्षण, त्याच्या कानाला लागली, की परीक्षणाचं काम झालं. पुढची बहुतेक उत्तरं फिरून फिरून या 'जागे'पाशीच येतात.

२. मी संगीत शिकलेलो नाही. मी लिहावं का?

जरूर लिहावं. गाणं कुठे चढलं, कुठे थबकलं, वाद्यं कधी आली आणि कधी गप्प झाली हे न शिकलेल्या कानालाही कळतं. अडचण येते ती उसन्या शब्दांची. हरकत, मुरकी आणि खटका हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसले की जाणकार वाचक तिथेच थांबतो आणि बाकीच्यांना तर काहीच बोध होत नाही. त्याऐवजी 'या शब्दावर आवाज झोका घेऊन खाली उतरतो' असं लिहिलं तर दोघांनाही समजतं. संज्ञेची खात्री असेल तर खुशाल वापरा, नसेल तर साधं वर्णन करा. रागांच्या नावांबद्दल प्रश्न ११ पाहा.

३. गाणं माझ्या आवडीचं आहे. मग परीक्षण पक्षपाती होणार नाही का?

होईल, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आवडतं गाणं तुम्ही इतरांपेक्षा कितीतरी जास्त ऐकलेलं असतं, ही मोठी जमेची बाजू. तोटा मात्र त्याच सवयीत आहे: पुढचा सूर कानाला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे ऐकणं थांबतं आणि नुसतं आठवणं सुरू होतं. यावर एक उपाय बऱ्यापैकी चालतो. गाण्यातली एक तरी कच्ची बाजू शोधायचीच असं ठरवून ऐकायला बसा. दुसरा अंतरा पहिल्याचीच री ओढतो, बासरीचा तुकडा नको तितका लांबतो, शेवट उरकल्यासारखा वाटतो, असं काहीतरी सापडतं. ते लिहिलंत की तुमच्या कौतुकावरही वाचकाचा विश्वास बसतो.

गाणं करणारी व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल तर पहिल्याच परिच्छेदात तसं सांगा. एवढी एक गोष्ट सक्तीची समजा.

४. लिहिण्याआधी गाणं किती वेळा ऐकावं? आणि कशावर?

आकडा ठरवण्यात अर्थ नाही. पण एकदा हेडफोनवर, एकदा खोलीतल्या स्पीकरवर आणि एकदा काहीही लिहून न घेता, असं तीन प्रकारे ऐका. हेडफोनवर डाव्या-उजव्या बाजूची वाद्यं वेगळी होतात, श्वास ऐकू येतात, मागच्या कोरसमधले आवाज सुटे होतात. स्पीकरवर गाण्याचा एकसंध ठसा कळतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बेस (खालच्या पट्टीतला जाड आवाज) जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून 'गाणं पोकळ वाटतं' असं लिहू नका.

दोन गाण्यांची किंवा दोन आवृत्त्यांची तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं, ही कानाची जुनी खोड आहे आणि भलेभले तिला फसतात.

५. ऐकताना टिपणं कशाची काढायची?

वेळेची. मिनिट-सेकंद लिहा आणि समोर काय घडलं ते दोन-चार शब्दांत. विशेषणं नंतर सुचतील, किंवा त्यांची गरजच पडणार नाही.

उदाहरण म्हणून व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२चं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' घ्या. 'थक्क करणारा आवाज' हे सगळेच लिहितात. टिपणवहीत मात्र असं काही यायला हवं: सुरुवातीचं जवळजवळ पाऊण मिनिट साथच नाही, एकटा आवाज, ओळींच्या मध्ये मोकळी शांतता. मग वाद्यं हळूच येतात. पुढे तीन मिनिटांच्या आसपास सगळं थांबतं. क्षणभर काहीच नाही. ड्रमचा एकच दणका, आणि तेच ध्रुवपद वरच्या पट्टीत. हे कागदावर उतरलं की दिसू लागतं की तो दणका अंगावर येतो तो त्याच्या आधीच्या शांततेमुळे, आणि शांततेची सवय तर गाण्याने आपल्याला पहिल्याच मिनिटात लावून ठेवली होती. आवाजाच्या ताकदीइतकाच हा आखणीचा भाग आहे. परीक्षणाला इथून मुद्दा मिळतो.

काय आहे याच्यासोबत काय नाही हेही टिपा. प्रिन्स या गायकाच्या १९८४च्या 'व्हेन डव्ह्ज क्राय'मध्ये बेसची सुरावट नाही. नाचायला लावणाऱ्या गाण्यातून बेसच काढून टाकायचा म्हणजे धाडसच. नुसतं ऐकणाऱ्याला ते गाणं कोरडं, ताणलेलं वाटतं, पण का ते सांगता येत नाही. ते सांगणं तुमचं काम.

६. परीक्षणाची सुरुवात गाण्याच्या माहितीने करावी का? गीतकार, संगीतकार, वर्ष वगैरे?

माहिती द्यायचीच आहे, पण ती पहिल्या वाक्यात कोंबली की परीक्षण जंत्रीसारखं वाचलं जातं. सुरुवात जागेने करा, म्हणजे प्रश्न ५ मधल्या टिपणांतली सगळ्यात जिवंत नोंद घ्या. नावं आणि वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात, जिथे त्यांचं काही काम असेल तिथे आणा. वर्षाने ऐकण्यात फरक पडत असेल (प्रश्न १४) तर ते ठळकपणे सांगा.

७. त्या गाण्याशी माझी एक आठवण जोडलेली आहे. ती लिहू का?

दोन ओळींत, आणि तिने गाण्याबद्दल काही कळत असेल तरच. पावसात, प्रवासात, कोणाच्या तरी निरोपाच्या वेळी ऐकलेलं गाणं प्रत्येकाकडे असतं. तुमची आठवण वाचून वाचकाला स्वतःची आठवते आणि गाणं बाजूला पडतं. तीच आठवण 'रात्री अगदी हळू आवाजात ऐकताना मागचा तानपुरा पहिल्यांदा जाणवला' अशी असेल तर ठेवा.

८. शब्दांना किती महत्त्व द्यावं? मला तर गाणं म्हणजे कविताच वाटते.

कागदावर छान वाचली जाणारी कविता गाण्यात पडू शकते, आणि कागदावर बावळट दिसणारी ओळ चालीत उभी राहते. म्हणून शब्दांचं रसग्रहण वेगळं आणि चालीचं वेगळं असे दोन कप्पे करू नका. चालीने शब्दांचं काय केलं ते पाहा. ऱ्हस्व अक्षर ताणलं गेलं का? श्वास शब्दाच्या मधोमध घेतला का? ओळीतला महत्त्वाचा शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो की 'आणि', 'तर' असलं काहीतरी तिथे येऊन बसतं? मराठी भावगीतात या गोष्टी फार जाणवतात, कारण शब्द स्पष्ट कळायला हवेत ही तिथली पहिली अट. शब्द सांभाळत चाल पुढे नेणारा संगीतकार आणि चालीसाठी शब्द वाकवणारा संगीतकार यांतला फरक एका अंतऱ्यात दिसतो.

हे पडताळायला 'कट्यार काळजात घुसली' या १९६७च्या संगीत नाटकातलं 'घेई छंद मकरंद' उपयोगी पडेल. शब्द तेच, पण जितेंद्र अभिषेकींनी दोन घराण्यांच्या गायकीसाठी त्याला दोन वेगळ्या चाली दिल्या. दोन्ही पाठोपाठ ऐका. त्याच ओळी एकदा रेंगाळतात आणि एकदा झेपावतात. शब्दार्थावर बेतलेलं परीक्षण दोन्हींना सारखंच लागू पडेल, आणि म्हणूनच ते अपुरं ठरेल.

९. ख्याल, ब्लूज, मेटल, पॉप, अभंग… सगळ्यांना एकच मोजपट्टी कशी लावायची?

लावायची नाही. प्रत्येक प्रकाराने श्रोत्याला काहीतरी कबूल केलेलं असतं. ती कबुली पाळली का, की मुद्दाम मोडली, आणि मोडून काय मिळवलं, हे पाहायचं.

ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), तीन कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर). पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. 'फार तोचतोचपणा आहे' अशी तक्रार इथे गैरलागू, कारण साचा सगळ्यांचा सारखाच असतो. ओळ दुसऱ्यांदा म्हणताना आवाज कसा बदलला आणि ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत गिटारने काय उत्तर दिलं, इथे कलाकार कळतो. उलट पॉप गाण्याने ओळखीचा मुखडा लवकर हाती द्यावा अशी अपेक्षा असते. क्वीन या बँडचं १९७५चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही अपेक्षा साफ धुडकावतं: जवळजवळ सहा मिनिटं, परत परत येणारं ध्रुवपद नाहीच, मध्ये ऑपेराचा तुकडा. तरीही ते जनमानसात रुजलं. मग परीक्षणाचा प्रश्न असा होतो की ध्रुवपदाशिवाय या गाण्याने श्रोत्याला धरून कशाने ठेवलं?

अभंगात टाळ-मृदंगाची लय वाढत जाते आणि ऐकणाऱ्याने सोबत म्हणावं अशी सोय असते, त्यामुळे चाल गाता येण्याजोगी असणं हा तिथला गुण. नाट्यगीतात तेवढी सोपी चाल फिकी ठरेल, कारण तिथे गायकाला विस्ताराला वाव हवा. मेटलमध्ये शब्द कळले नाहीत तर बिघडत नाही, पण रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) गुळगुळीत निघाला तर सगळंच गेलं. लावणीत ढोलकी नुसती साथ करत नाही, गाणारीशी सवाल-जवाब करते. तो जवाब रेकॉर्डिंगमध्ये मागे ढकलला असेल तर ती त्रुटी नोंदवा. भावगीतात मात्र तबला तितका पुढे आला तर खटकेल.

एखादा प्रकार तुम्हाला मुळातच पटत नसेल तर त्यातल्या एका गाण्यावर सगळ्या प्रकाराचा राग काढू नका. ते गाणं दुसऱ्या कोणाला लिहू द्या.

१०. रॅपमध्ये चाल नसते आणि इलेक्ट्रॉनिक गाण्यात तेच तेच वाजत राहतं. यांच्यावर लिहायचं काय?

रॅपमध्ये आवाज हेच तालवाद्य. शब्द ठेक्याच्या नेमके वर पडतात, किंचित मागे रेंगाळतात की पुढे धावतात, ते पाहा. यमक ओळीच्या शेवटीच येतं की मधेही दडलंय? श्वास कुठे घेतला? वेग वाढवल्यावर अक्षरं स्पष्ट राहिली का? एक कडवं स्वतः ठेक्यावर म्हणून बघा. जिथे जीभ अडखळेल तिथे लिहिण्यासारखं काहीतरी असतं.

इलेक्ट्रॉनिक गाण्यात बदल सुरावटीत कमी आणि पोतात, म्हणजे आवाजाच्या घडणीत, जास्त होतो. डॉना समरचं 'आय फील लव्ह' (१९७७, निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट) हे त्याचं उत्तम उदाहरण. सिंथेसायझरचा बेस यंत्रासारखा धडधडत राहतो, प्रत्येक सुराचा पडसाद मागोमाग येतो आणि त्यामुळे ठेका दुप्पट वेगाचा भासतो. वर आवाज मात्र हवेत तरंगल्यासारखा. सारा ताण या दोघांमधला आहे. 'पुढे काहीच होत नाही' म्हणणारा श्रोता चुकीच्या ठिकाणी पाहत असतो.

पुनरावृत्ती तशी सगळीकडेच असते. बीटल्सच्या १९६८च्या 'हे ज्यूड'ची सात मिनिटांहून अधिक लांबी आहे आणि त्यातला निम्म्याहून मोठा भाग म्हणजे शेवटचं तेच ते आवर्तन. तिथे कोणी तक्रार करत नाही, कारण प्रत्येक फेरीत मागे काहीतरी भर पडत जाते.

११. परीक्षणात राग आणि ताल लिहायलाच हवा का? चुकला तर?

ओळखता येत असेल आणि त्याने काही उलगडत असेल तर लिहा. 'हे गाणं यमनवर आधारित आहे' एवढ्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही. 'यमनचा तीव्र मध्यम (चढा म) या एका शब्दावर टाळलाय, म्हणून तिथे सूर वेगळा लागतो' हे मात्र उपयोगाचं. शिवाय सुगम संगीतात चाल एका रागातून सुरू होऊन बाहेर डोकावते आणि परत येते. अशा गाण्याला एकच राग चिकटवायचा हट्ट धरला की जाणकारांत वाद सुरू होतो आणि गाणं बाजूला राहतं. 'छाया', म्हणजे रागाची नुसती झलक, हा शब्द अशा वेळी मदतीला येतो.

तालाचं सोपं आहे, बोटांवर मोजा. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटचं 'टेक फाइव्ह' (१९५९) पाचाच्या ठेक्यात आहे, हे जॅझ न ऐकणाऱ्यालाही दोन आवर्तनांत कळतं.

१२. ख्याल किंवा बंदिश 'गाणं' धरायची का? ती तर दर मैफिलीत वेगळी असते.

धरायची, पण कोणत्या सादरीकरणावर लिहिताय ते सांगून. कलाकार, शक्य असेल तर वर्ष आणि लांबी. बंदिशीचा मुखडा एकाच ओळीचा असला तरी समेवर यायच्या वाटा शंभर असतात, आणि परीक्षण त्या वाटांचं करायचं असतं. विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालात पहिली दहा मिनिटं 'काही घडत नाही' असं वाटत असेल तर प्रश्न १० मधला शेवटचा मुद्दा इथेही लागू होतो. तासभराच्या ख्यालाची मिनिट-सेकंदांत जंत्री करू नका, दोन-तीन आवर्तनं निवडा.

१३. मला न समजणाऱ्या भाषेतलं गाणं माझं सर्वात आवडतं आहे. त्यावर लिहिणं योग्य आहे का?

योग्य आहे, दोन टप्प्यांत केलंत तर. आधी अर्थ न पाहता ऐका आणि काय घडतंय असं वाटतं ते लिहून ठेवा. मग अर्थ वाचा. दोन्ही टिपणं शेजारी ठेवली की परीक्षणाचा गाभा बऱ्याचदा आयताच हाती लागतो.

संगीतकार शूबर्टने १८१५मध्ये जर्मन कवी गटेच्या कवितेवर रचलेलं 'एर्लक्योनिग' असं ऐकून बघा. जर्मनचा गंध नसला तरी काय काय कळतं: पियानो घोड्याच्या टापांसारखा थांबायलाच तयार नाही. गायक एकटाच, पण आवाज बदलत राहतात, कुठे जड, कुठे घाबरा, कुठे लाडीगोडीचा. घाबरा आवाज दर खेपेला आधीपेक्षा वरच्या सुरात ओरडतो. आणि शेवटी पियानो अचानक थांबतो. मग अर्थ वाचला की कळतं, निवेदक, बाप, मुलगा आणि मुलाला भुलवणारा भुतांचा राजा असे चौघे एकाच गळ्यात आहेत, आणि पियानो थांबतो तिथे मुलगा बापाच्या हातांत मेलेला आहे.

टाळायचं एवढंच: अर्थ न वाचता गाण्याला 'प्रेमगीत' ठरवून मोकळं होणं. हे फार वेळा होतं.

१४. जुनी रेकॉर्ड खरखरते, वाद्यं नीट ऐकू येत नाहीत. ही त्रुटी म्हणून लिहायची का?

खरखर ही त्या काळाच्या तंत्राची मर्यादा, तिला दोष देऊ नका. तिच्या मागे दडलेली दुसरी मर्यादा मात्र जरूर लिहा, ती म्हणजे वेळेची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. १९०२मध्ये कोलकात्याला गायिका गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा मैफिलीत रंगणारा प्रकार तिला तेवढ्यात बसवायचा होता, आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारायलाही वेळ राखायचा होता. म्हणून अशा रेकॉर्डमध्ये आलाप जेमतेम असतो आणि ताना लगेच येतात. ही घाई नसून हिशोब आहे. तो कितपत साधला, यावर लिहा.

१५. श्रेय कोणाला द्यायचं? मला तर गायकाचंच नाव माहीत असतं.

गीतकार, संगीतकार, गायक, आणि सापडलं तर संगीत संयोजक (चालीभोवती वाद्यांची साथ रचणारा). गाण्याच्या मधली दोन वाद्यांची सुरेल वाक्यं तुम्हाला आवडली असतील तर बहुधा संयोजकाचाच हात असतो, आणि त्याचं नाव सर्वात आधी गळतं.

माहिती तपासताना 'सगळ्यांना ठाऊक आहे' यावर जाऊ नका. 'इंद्रायणी काठी' अनेकांना संतांचा जुना अभंग वाटतो. ते ग. दि. माडगूळकरांचं गीत आहे, 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटातलं, संगीत पु. ल. देशपांडे यांचं आणि आवाज भीमसेन जोशींचा. हे कळल्यावर परीक्षणाची दिशाच बदलते: विसाव्या शतकातल्या कवीने संतांच्या वळणाची भाषा इतकी बेमालूम कशी साधली, हा प्रश्न समोर येतो. तसंच 'टेक फाइव्ह'. नाव ब्रूबेकचं गाजलं, रचना त्याच्या क्वार्टेटमधल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची.

१६. कव्हर (दुसऱ्याने पुन्हा गायलेलं गाणं) आणि रिमिक्स यांचं परीक्षण मूळ गाण्याशी तुलना करूनच करायचं का?

एका परिच्छेदापुरती तुलना करा, मग नवीन आवृत्तीला तिच्या पायांवर उभं राहू द्या. 'मूळ ते मूळच' हे मत आहे, परीक्षण नव्हे. प्रश्न ५ मधलं गाणंच बघा. ते मुळात डॉली पार्टनचं, १९७४चं. तिथे ती शेवटचं कडवं गात नाही, जवळजवळ बोलते. निरोप घेताना गळा दाटून आल्यासारखं. व्हिटनीच्या आवृत्तीत तेच कडवं पूर्ण ताकदीने गायलं जातं. एकीने गाणं आत ओढलं, दुसरीने बाहेर फेकलं. कोण चांगलं हे ठरवण्याआधी हा फरक मांडा. पुष्कळदा ठरवायची गरजच उरत नाही.

रिमिक्सला एकच विचारा: मुखड्याखाली नवा ठेका घालण्यापलीकडे यात काही केलंय का?

१७. गाण्यात दुसऱ्याचा तुकडा वापरलेला आढळला तर त्याला उचलेगिरी म्हणायचं का?

लगेच नाही. सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा, घेणं ही हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातली मान्य रीत आहे. तुकडा कुठला, त्याचं काय केलं आणि श्रेय दिलं का, हे तीन प्रश्न वेगळे ठेवा. द विन्स्टन्स या गटाच्या 'आमेन, ब्रदर' (१९६९) मधला काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, तो वेगात फिरवून नवे प्रकारच जन्माला आले. तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला मात्र त्यातून पैसे मिळाले नाहीत. त्यावर बांधलेलं गाणं कल्पक असू शकतं आणि तो अन्यायही खराच. परीक्षणात दोन्ही मावतात.

सॅम्पल आणि नव्याने वाजवलेला तुकडा यांतही फरक करा. 'रॅपर्स डिलाइट' (१९७९) मधला शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'चा बेस वादकांनी पुन्हा वाजवलेला आहे. 'चाल चोरली' असं लिहायचं असेल तर दोन्ही गाण्यांतली नेमकी जागा दाखवा. ती दाखवता येत नसेल तर 'आठवण होते' एवढ्यावर थांबा.

१८. एकाच गाण्याच्या चार आवृत्त्या सापडतात. कोणती खरी?

तुम्ही जी ऐकली ती, फक्त ती कोणती ते लिहा. सर्वात ओळखीची आवृत्ती पहिलीच असेल असं नाही. 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असं प्रसारित झालं तेव्हा ५६ गीतांना निरनिराळ्या गायक-गायिकांचे आवाज होते. घरोघरी पोचलं ते नंतरचं, एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. पहिल्यात पात्रं बोलतात, दुसऱ्यात एकच कथेकरी सगळी गोष्ट सांगतो. शिवाय त्यातलं एखादंच गीत सुटं घेऊन लिहिताना ते गोष्टीत कुठे येतं हे एका ओळीत सांगावंच लागतं.

'रीमास्टर्ड' (जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने काम केलेलं) असा शिक्का असलेल्या फाइलमध्ये वाद्यांचा तोल बदललेला असू शकतो. तोल हाच तुमचा मुद्दा असेल तर जुनीही ऐका.

१९. चित्रपटगीत पडद्यासह पाहावं की नुसतं ऐकावं?

आधी नुसतं ऐका आणि टिपणं पूर्ण करा, पडदा नंतर. अभिनय आणि छायाचित्रण फार प्रभावी असतं, सुमार चालही त्यावर तरून जाते. मात्र मध्येच आलेली शांतता किंवा तुटलेला अंतरा दृश्यासाठी असू शकतो, म्हणून दोष देण्यापूर्वी पडदा पाहणं भाग आहे.

२०. तारे किंवा गुण द्यावेत का? आणि वेगवेगळ्या प्रकारांची गाणी एका यादीत क्रमाने लावता येतील का?

गुण दिले की वाचक तेवढेच बघतो, मग तुमची जागा कोण वाचणार? माझ्या मते एका गाण्याला गुण देऊ नयेत. यादी करायला हरकत नाही, पण क्रमांक नकोत. एका ख्यालाला सातवा आणि एका रॅपला आठवा क्रमांक कशाच्या आधारे दिला हे कोणालाच सांगता येणार नाही (प्रश्न ९).

२१. गाण्याच्या किती ओळी उद्धृत करता येतात?

परीक्षणासाठी थोडा मजकूर वापरायला बऱ्याच देशांच्या कायद्यात सवलत आहे. पण गाणं मुळातच छोटं असतं, चार ओळी म्हणजे त्याचा मोठा हिस्सा होतो. ज्या शब्दांवर तुम्ही काही म्हणताय तेवढेच द्या. सगळं गाणं छापून खाली 'किती सुंदर!' असं लिहिणं कायद्यालाही धरून नाही आणि परीक्षणालाही.

२२. गायकाचं वागणं निंद्य आहे हे कळलं. आता गाण्यावर कसं लिहू?

दोन्ही टोकांची सोपी उत्तरं टाळा. वागण्याचा संबंध गाण्याच्या आशयाशी येत असेल, म्हणजे गाणं ज्या गोष्टीबद्दल बोलतं तीच त्याने मोडली असेल, तर तो परीक्षणाचाच भाग आहे. संबंध नसेल तर एका वाक्यात नोंद करा आणि गाण्यावर या. सिद्ध झालेलं आणि नुसतं ऐकीव यांतला फरक पाळा. आणि लिहवत नसेल तर लिहू नका, बाकी गाणी पुष्कळ आहेत.

२३. एक गाणं मला मनापासून आवडतं, पण ते 'चांगलं' नाही हे मलाही कळतं. काय करू?

त्यावरच लिहा. अशा गाण्यांची परीक्षणं सर्वात वाचनीय होतात, कारण तिथे ठरावीक कौतुकाची वाक्यं कामाला येत नाहीत. यमकं ओढूनताणून जुळवलेली, सिंथेसायझर स्वस्तातला, तरी दुसऱ्या अंतऱ्याकडे जाताना ठेका अर्धी मात्रा थांबतो आणि दर वेळी तिथे मान हलतेच. तर मग ती अर्धी मात्रा लिहा, यमकांसकट. 'गिल्टी प्लेझर' म्हणून आधीच माफी मागून ठेवायची गरज नाही. आपण कोणत्या वेळेला, किती मिनिट किती सेकंदाला मान हलवतो एवढं नेमकं सांगता आलं, की ते गाणं कोणत्या प्रतीचं याचा निवाडा वाचक स्वतः ऐकून करील.